पुस्तकावर ‘बंदी’ आली की आधी काय तपासायचं: वंशभेदविरोधी वाचन करणाऱ्या गटांसाठी

मुंबईतल्या कॉलेजांत, वाचनालयांत, वस्तीतल्या अभ्यासगटांत अमेरिकेतल्या पुस्तकबंदीचा विषय निघाला की दोन गोष्टी हमखास होतात. कुणीतरी ‘दहा हजार पुस्तकांवर बंदी’ हा आकडा सांगतं, आणि कुणीतरी ‘ते तिकडचं, आपल्याकडे काळे-गोरे नाहीत’ म्हणून चर्चा गुंडाळतं. दोन्हींना उत्तर आहे, पण ते तयारीशिवाय देता येत नाही. ही तयारी साधारण चार बैठकांत होते. ती कशी करायची, ते पुढे दिलं आहे.

आधी तो आकडा. पेन अमेरिका या लेखकांच्या संघटनेने २०२३-२४ या शालेय वर्षात अमेरिकेतल्या सरकारी शाळांमध्ये पुस्तक हटवल्याच्या १०,०४६ घटना नोंदवल्या. या घटना आहेत, पुस्तकं नव्हेत. एकच कादंबरी वीस शालेय जिल्ह्यांतून काढली तर वीस नोंदी होतात. वेगवेगळी शीर्षकं मोजली तर ती चार हजारांच्या थोडी वर भरतात. शिवाय चौकशी पूर्ण होईपर्यंत कपाटाबाहेर ठेवलेलं पुस्तकही ही संघटना मोजते. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनची मोजणी वेगळी आहे, तिथे पुस्तक काढण्याची मागणी झाली तरी ती नोंदली जाते. दोन्ही आकडे खरे, पण ते एकमेकांत मिसळले की दोन्ही खोटे होतात. त्या वर्षीच्या नोंदींपैकी सर्वांत मोठा वाटा फ्लोरिडा आणि आयोवा या दोन राज्यांचा होता, आणि आयोवातला कायदा मुख्यतः लैंगिक वर्णनांबद्दलचा आहे. म्हणजे सगळी पुस्तकं वंशभेदाबद्दलची म्हणून गेलेली नाहीत. गटात आकडा सांगताना कोण मोजतंय, काय मोजतंय आणि कोणत्या वर्षाचं, हे तिन्ही एकाच वाक्यात सांगायची सवय लावा.

पहिली बैठक: नियम आणि त्याचा परिणाम

वंशभेदविरोध म्हणजे ‘मी कुणाचा द्वेष करत नाही’ असं जाहीर करणं नव्हे. माणसांचे जैविक वंश ही कल्पना टिकत नाही, हे युनेस्कोने बोलावलेल्या अभ्यासकांनी १९५० सालीच निवेदन काढून सांगितलं होतं. तरीही त्या कल्पनेवर उभारलेले कायदे, कर्जाचे नियम आणि शाळांच्या हद्दी कायम राहिल्या. वंशभेदविरोधी अभ्यासक म्हणूनच एखाद्याच्या मनात काय आहे यापेक्षा नियम काय आहे आणि त्यातून कुणाच्या वाट्याला काय येतं, हे बघतात.

यासाठी सर्वांत सोपं उदाहरण घरांचं. १९३०च्या दशकात अमेरिकी सरकारच्या गृहकर्ज महामंडळाने शहरांचे नकाशे रंगवले. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या बहुतेक ठिकाणी लाल रंगात, म्हणजे कर्जासाठी धोक्याच्या ठरल्या. सरकारी हमीचं गृहकर्जही अशा भागांना नाकारलं गेलं. १९६८च्या कायद्याने घर देताना वंशावरून भेद करायला मनाई झाली, पण तोवर गोऱ्या कुटुंबांचं घर झालं होतं आणि कृष्णवर्णीय कुटुंबांचं राहून गेलं होतं. वारशाने जे मिळतं त्यात घर सर्वांत मोठं असल्याने तो फरक पुढच्या पिढ्यांत उतरला. आज कुणीही द्वेष केला नाही तरी तो आपोआप भरून निघत नाही. नव्या माणसाला हा मुद्दा एका बैठकीत समजतो, आणि पुढचं सगळं वाचन त्यावर उभं राहतं.

मग मुंबईकडे वळा. प्रत्येकाने भाड्याच्या घरांच्या दहा जाहिराती आणायच्या. कागदावर दोन रकाने करा: छापलेली अट आणि एजंटने फोनवर सांगितलेली अट. आहार, धर्म, आडनाव, ‘बाहेरचे’, ‘एकट्या मुली नकोत’, आफ्रिकन विद्यार्थी, ईशान्येकडचे तरुण, जे जे ऐकू येईल ते लिहा. दुसरा रकाना जवळजवळ नेहमी जास्त भरतो. सोसायटीच्या उपविधीत लिहिलेलं नसलेलं बंधन कसं चालवलं जातं, ते इथे दिसतं. फोन करताना खोटं नाव घेऊ नका आणि सोसायटीचं किंवा एजंटचं नाव गटाबाहेर नेऊ नका. अभ्यासाला अटी पुरेशा असतात.

जात आणि वंश: तुलना कुठपर्यंत न्यायची

हा भाग घाईने उरकू नका, मराठी वाचकाकडे इथे सांगण्यासारखं सर्वांत जास्त आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामगिरीविरुद्ध झटलेल्या लोकांना अर्पण केली. डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९४६ साली त्यांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती कॅलिफोर्नियातल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर या संघटनेकडे बघून. हे दुवे पक्के आहेत.

पण त्याच आंबेडकरांनी जात म्हणजे वंशभेद हा सिद्धांत स्पष्टपणे नाकारला आहे. १९३६च्या ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात आणि १९४६च्या शूद्रांवरील ग्रंथात ती मांडणी सापडते. पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला अस्पृश्य यांच्यात वंशाचा फरक नाही, असा त्यांचा मुद्दा होता. त्यामुळे तुलना यंत्रणेची करा, उगमाची नको. वस्ती वेगळी ठेवणं, लग्नावर बंधन, घाणीचं काम जन्मावरून वाटणं, शिक्षण अडवणं, हे दोन्हीकडे आहे. रंगावरून ओळखणं आणि आडनावावरून ओळखणं यांत मात्र फरक आहे, आणि लपता येणं-न येणं त्यावर ठरतं. वंशभेदाविरुद्ध संयुक्त राष्ट्रांनी २००१ साली घेतलेल्या डरबन परिषदेत भारत सरकारने जात हा वंशभेदाचा प्रश्न नाही अशी भूमिका घेतली. २००२ साली संयुक्त राष्ट्रांच्या वांशिक भेदभावविषयक समितीने मात्र वांशिक भेदभावाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या ‘जन्मकुळावरून भेद’ या तरतुदीत जातीचा समावेश होतो असं सांगितलं. दोन्ही भूमिका शेजारी ठेवून वाचा. २०२३ साली सिएटलच्या नगर परिषदेने जातीवरून भेदभावाला मनाई केली, आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने मंजूर केलेलं तसं विधेयक तिथल्या गव्हर्नरने परत पाठवलं, हेही याच बैठकीत घ्या.

दुसरी बैठक: अमेरिकी कायद्याचा मजकूर

मे २०२० मध्ये मिनियापोलिसला जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाच्या गुडघ्याखाली मृत्यू झाला. त्यानंतर वंशभेदविरोधी पुस्तकांचा खप आणि शाळांतला वापर वाढला. सप्टेंबर २०२० मध्ये ट्रम्प प्रशासनाने एक अध्यक्षीय आदेश काढून सरकारी प्रशिक्षणात ठरावीक संकल्पना शिकवायला मनाई केली. जानेवारी २०२१ मध्ये बायडन यांनी तो रद्द केला, पण त्याची भाषा राज्यांनी उचलली. टेक्ससने २०२१ मध्ये आणि फ्लोरिडाने २०२२ मध्ये कायदे केले.

या कायद्यांतलं एक कलम मोठ्याने वाचा. आपल्या वंशामुळे माणसाला अस्वस्थता, अपराधीपणा किंवा मनस्ताप वाटला पाहिजे, असं शिकवू नये, अशा अर्थाचं ते आहे. वरकरणी यात हरकत घेण्यासारखं काही नाही, कारण असं कुणी शिकवूच नये. अडचण अंमलबजावणीत आहे. कायद्यात पुस्तकाचं नाव नसतं. मुलाला अस्वस्थ वाटलं की पालक तक्रार करतो, आणि मुख्याध्यापक नोकरीच्या धास्तीने पुस्तक काढतो. गुलामांच्या लिलावाचं वर्णन वाचून अस्वस्थ न होणारं मूल कुठून आणणार? तरतूद ‘शिकवण्या’बद्दलची असते, आणि कात्री मात्र ग्रंथालयातल्या कपाटाला लागते. ऑक्टोबर २०२१ मध्ये टेक्ससच्या एका आमदाराने सुमारे ८५० शीर्षकांची यादी शाळांना पाठवून प्रती किती, खर्च किती, अशी विचारणा केली. ती बंदी नव्हती, चौकशी होती. काही शाळांनी तेवढ्यावर पुस्तकं बाजूला काढली.

यादी कशी तयार झाली, हे नेहमी विचारा. २०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकी नौदल अकादमीच्या ग्रंथालयातून ३८१ पुस्तकं काढली गेली. त्यांची निवड संगणकावर ठरावीक शब्द शोधून झाली होती. पुन्हा तपासणी झाल्यावर त्यातली बहुतेक परत आली. शब्दशोधाने पुस्तक द्वेषाच्या बाजूचं आहे की विरुद्ध, ते कळत नाही.

न्यायालयाची बाजू थोडक्यात. १९८२च्या पिको खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळा मंडळाला केवळ विचार आवडत नाहीत म्हणून ग्रंथालयातली पुस्तकं काढता येणार नाहीत असं म्हटलं. पण त्या मताला न्यायमूर्तींचं स्पष्ट बहुमत नव्हतं, म्हणून त्याचा आधार कच्चा राहिला. २०२५ मध्ये टेक्सस, लुइझियाना आणि मिसिसिपीसाठीच्या अपील न्यायालयाने सार्वजनिक ग्रंथालयाने पुस्तक काढलं तर माहिती मिळवण्याच्या हक्काखाली वाचकाला त्यावर दाद मागता येत नाही, असा उलट निकाल दिला. इलिनॉयने २०२३ मध्ये वेगळी वाट घेतली. पक्षीय किंवा तात्त्विक नापसंतीमुळे पुस्तक काढणाऱ्या ग्रंथालयाला राज्याचं अनुदान मिळणार नाही, असा कायदा तिथे झाला.

एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडायलाच हवी. पुस्तकं काढायची मागणी वंशभेदाला विरोध करणाऱ्यांकडूनही झाली आहे. मार्क ट्वेन यांच्या ‘हकलबेरी फिन’ या कादंबरीतल्या वांशिक शिवीमुळे कृष्णवर्णीय पालकांनी अनेक दशकं हरकत घेतली आहे. चौदा वर्षांच्या एकट्या कृष्णवर्णीय मुलासमोर ती शिवी वर्गात वाचली जाते तेव्हा काय होतं, हा त्यांचा प्रश्न खरा आहे. इथे सक्तीचं वाचन आणि ग्रंथालयातलं पुस्तक यांत फरक करा. पहिल्याबद्दल शिक्षकाने निवड बदलणं वाजवी असू शकतं. दुसरं मात्र ज्याला हवं त्याच्यासाठी जागेवर राहिलं पाहिजे. हाच निकष न आवडणाऱ्या बाजूलाही लावा.

तिसरी बैठक: आपल्याकडे पुस्तक कोणत्या मार्गाने जातं

बातमीत ‘बंदी’ लिहिलेलं असतं. तुम्ही विचारायचं ते चार गोष्टींबद्दल: आदेश कुणाचा, कोणत्या कलमाखाली, पुस्तक नेमकं कुठून काढलं, आणि कारण लेखी आहे का.

सर्वांत कडक मार्ग म्हणजे सरकारजमा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ९५, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ९८. राज्य सरकारला ठरावीक गुन्ह्यांखाली येणारा मजकूर दिसला, तर ते अधिसूचना काढून पुस्तकाची प्रत्येक प्रत सरकारजमा करतं. त्यानंतर पोलीस देशात कुठेही प्रत जप्त करू शकतात. घराची झडती मात्र दंडाधिकाऱ्याच्या वॉरंटवर, आणि किमान उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारीच घेऊ शकतो. अशा आदेशाविरुद्ध कलम ९९ खाली राजपत्रात प्रसिद्धी झाल्यापासून दोन महिन्यांत उच्च न्यायालयात अर्ज करता येतो, आणि तो तीन न्यायमूर्तींच्या विशेष पीठापुढे चालतो. दोन महिने हातचे जाणं ही सर्वांत नेहमीची चूक आहे. लोक निषेध सभा घेतात, सह्या जमवतात आणि राजपत्राची तारीख कुणीच बघत नाही.

या अधिसूचनेत सरकारने मताची कारणं दिलीच पाहिजेत. नुसतं कलमाचं वाक्य उतरवून चालत नाही. पेरियारांच्या रामायणविषयक पुस्तकावरची उत्तर प्रदेश सरकारची कारवाई याच कारणाने टिकली नाही, १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाने तसं स्पष्ट केलं. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकावर महाराष्ट्र सरकारने केलेली कारवाई मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये रद्द केली, आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. अधिसूचनेत कोणत्या समाजांत वैर पसरेल हेच सांगितलेलं नव्हतं. ती याचिका लेखकाची किंवा प्रकाशकाची नव्हती, मुंबईतल्या नागरिकांची होती. पण प्रत्येक वेळी पुस्तक सुटतंच असं नाही. इस्लामवरच्या एका पुस्तकाच्या बाबतीत जानेवारी २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने बंदी कायम ठेवली. गटाने हे दोन्ही निकाल एकत्र वाचावेत. टीका आणि एका समाजाविरुद्ध चिथावणी यांतली रेषा न्यायालय कुठे आखतं, ते त्यातून समजतं. सरकारजमा असलेल्या पुस्तकाच्या प्रती गटात वाटू नका. अधिसूचना आणि निकाल मात्र बिनधास्त वाचा, ते सार्वजनिक दस्तऐवज आहेत.

दुसरा मार्ग अभ्यासक्रमाचा. २०१० साली रोहिंटन मिस्त्री यांची ‘सच अ लाँग जर्नी’ मुंबई विद्यापीठाच्या कला शाखेच्या अभ्यासक्रमातून विद्यार्थी संघटनेच्या तक्रारीनंतर निघाली. कुलगुरूंनी त्यासाठी तातडीचे अधिकार वापरले. कादंबरी दुकानात विकली जात राहिली, म्हणून ती कायद्याने बंदी नव्हती. तरी अभ्यासमंडळाला वळसा घालून निर्णय झाला, हाच आक्षेपाचा खरा मुद्दा होता.

तिसरी तऱ्हा महाराष्ट्राने १९८७-८८ मध्ये पाहिली. राज्य सरकारनेच छापलेल्या आंबेडकर-वाङ्मयाच्या चौथ्या खंडातलं राम आणि कृष्ण यांच्यावरचं परिशिष्ट वगळावं, यासाठी शिवसेनेने आंदोलन केलं. त्याला उत्तर म्हणून दलित संघटनांनी मुंबईत प्रचंड मोर्चा काढला. शेवटी परिशिष्ट राहिलं आणि सरकार या मतांशी सहमत नाही अशा अर्थाची तळटीप आली. मजकूर तसाच ठेवून असहमती छापता येते, याचा हा घरचाच पुरावा आहे.

या बैठकीत एक प्रश्न येणारच: २५ डिसेंबर १९२७ला महाडला मनुस्मृती जाळली, ती पुस्तकबंदी नव्हे का? उत्तर सरळ आहे. ते सत्ता नसलेल्यांनी केलेलं निषेधाचं दहन होतं. कुणाच्याही घरातली किंवा ग्रंथालयातली प्रत काढून घेतली नव्हती आणि कुणाला वाचायला मनाई केली नव्हती. बाबासाहेब स्वतः तो ग्रंथ पुढे आयुष्यभर वाचत, उद्धृत करत आणि तपासत राहिले.

अभ्यासक्रमातून किंवा सरकारी ग्रंथालयातून पुस्तक गेलं तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत लागतो, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायचा, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘पुस्तक का काढलं?’ असं विचारलंत तर मत मागितलं म्हणून अर्ज परत येतो. कागद मागा: ‘अमुक पुस्तक अमुक अभ्यासक्रमातून वगळण्याबाबतच्या तक्रारीची, अभ्यासमंडळ व विद्या परिषदेच्या इतिवृत्ताची आणि अंतिम आदेशाची प्रत द्यावी.’ तक्रारच लेखी नव्हती असं उत्तर आलं, तर तेही उपयोगी उत्तर आहे. मुदतीत काहीच आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा.

चौथी बैठक: पुस्तक हातात घेऊन

बारा ते पंधरा माणसं, दोन तास, चाळीस पानं. याहून जास्त पानं ठेवली की अर्धे जण न वाचता येतात आणि चर्चा ऐकीव गोष्टींवर घसरते. पुस्तक इंग्रजी असेल तर एकाने प्रकरणाचा दोन पानी मराठी गोषवारा आणावा, पण वाद ज्या परिच्छेदावर आहे तो मूळ भाषेतच सगळ्यांपुढे ठेवावा. पूर्ण पुस्तकाची झेरॉक्स काढून वाटू नका. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, फोर्टातली एशियाटिक, ६ डिसेंबरच्या सुमारास शिवाजी पार्कवर लागणारे पुस्तकांचे स्टॉल, इथून शोध सुरू करा.

आक्षेप घेणाऱ्याचा मजकूर आधी वाचा, पुस्तक नंतर. पान क्रमांक, आधीचं आणि नंतरचं पान, ते वाक्य लेखकाचं की पात्राचं, हे तपासा. वर्णद्वेष्ट्या पात्राच्या तोंडचं वाक्य लेखकाच्या माथी मारणं हा आक्षेपांतला सर्वांत नेहमीचा प्रकार आहे. शिवी मोठ्याने वाचायची की नाही, ते बैठकीच्या सुरुवातीलाच ठरवा. जातिवाचक शिव्यांनाही तोच नियम.

गटात दलित, ईशान्येकडचा किंवा आफ्रिकन सदस्य असेल तर ‘तुझा अनुभव सांग’ असं म्हणू नका. त्याला सांगावंसं वाटलं तर तो सांगेल. तो इथे वाचक म्हणून आला आहे, साक्षीदार म्हणून नाही. बैठक बिघडते ती बहुधा इथेच, किंवा कुणाचं दुःख मोठं याची मोजणी सुरू झाली की. अशा वेळी चर्चा परत नियमाकडे आणा: इथे कोणता नियम होता, तो कुणी केला, त्यातून कुणाचं काय गेलं?

गट एखाद्या वाचनालयाशी जोडलेला असेल तर आक्षेपाचा अर्ज आजच तयार ठेवा. वाद पेटल्यावर केलेला नियम पक्षपाती ठरतो. अर्जात आक्षेप घेणाऱ्याचा सभासद क्रमांक, पुस्तक पूर्ण वाचलं का, पान क्रमांक आणि नेमकी मागणी, एवढं असावं. ग्रंथपाल, एक कार्यकारिणी सदस्य आणि एक बाहेरचा वाचक अशा तिघांनी पुस्तक पूर्ण वाचून ३० दिवसांत लेखी निर्णय द्यावा. तोवर पुस्तक कपाटात राहील आणि घरी नेता येईल, हे नियमातच लिहा. नाहीतर चौकशी हीच बंदी होऊन बसते. निर्णय झाल्यावर नवं कारण असल्याशिवाय त्याच पुस्तकावरचा अर्ज दोन वर्षं पुन्हा घेऊ नये. जमाव दारात आला तर ग्रंथपालाने एकट्याने वाद घालायचा नाही. अर्जाचा कागद पुढे करायचा, कार्यकारिणीला फोन लावायचा आणि गरज पडल्यास पोलीस ठाण्यात लेखी खबर देऊन त्यावर पोच घ्यायची.